'जिप्सी' म्हणावं की 'रोमा'?

वाटसरू: परवा एका मित्राने हिमालयातल्या फोटोखाली लिहिलं, 'मी मनाने जिप्सी'. मी म्हटलं, बाबा, हे नाव ठेवलं कुणी ते तरी बघ. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेले हे लोक इजिप्तहून आले असा तिथल्यांचा समज झाला, म्हणून 'इजिप्शियन'चं 'जिप्सी'. स्पॅनिश 'हितानो'ही त्याच घरचा. म्हणजे पत्ताच चुकलेला. जर्मन 'त्सिगॉयनर' बहुधा ग्रीक 'अथिंगानोई'वरून आलाय. ते बायझंटाईन काळातल्या एका पाखंडी पंथाचं नाव, अर्थ साधारण 'शिवाशिव टाळणारे'. हे लोक स्वतःला 'रोम' म्हणतात (अनेकवचन 'रोमा'), त्यांच्या भाषेत माणूस किंवा नवरा. १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिने बाहेरच्यांनी ठेवलेली नावं नाकारली. मग मराठीत तरी 'जिप्सी' का चालवायचं?

उंबरठा: कारण शब्द कुठून आला आणि आज त्याचा अर्थ काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'हिंदू' हे नाव तरी आपण कुठे ठेवलं? सिंधूपलीकडच्यांनीच ना? इंग्लंडमध्ये कितीतरी जण स्वतःला जिप्सीच म्हणवतात. तिथल्या २०११च्या जनगणनेत 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' असा पर्याय होता, २०२१ मध्ये 'रोमा' हा *वेगळा* पर्याय आला. जर्मनीत सिंती नावाचा त्यांचाच एक जुना गट आहे, तो स्वतःला रोमात धरत नाही, म्हणून तिथे 'सिंती आणि रोमा' असं जोडीने लिहितात. सगळ्यांना एकच लेबल चिकटवणं ही बाहेरच्यांचीच सवय, आणि तुम्हीही तेच करताय.

दिवाभीत: रोमा म्हणजे रोमानियातले ना?

वाटसरू: @दिवाभीत, नाही. रोमानियाचं नाव रोमन लोकांवरून आलंय, यांच्याशी संबंध नाही.
@उंबरठा, इंग्लंडमधल्यांनी स्वतःला काहीही म्हणावं, तो त्यांचा हक्क. 'त्सिगॉयनर'चं काय करता? नाझींच्या आउशविट्झ छळछावणीत त्या शब्दाच्या जर्मन स्पेलिंगमधलं 'झेड' हे आद्याक्षर रोमा आणि सिंती कैद्यांच्या हातावर क्रमांकाआधी गोंदलं जायचं. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री त्यांच्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून जास्त लोकांना गॅस देऊन मारलं, त्यात बायका, मुलं, म्हातारे. आणि आताच्या रोमानियात १८५६ पर्यंत 'त्सिगान' (त्याच शब्दाचं तिथलं रूप) म्हणजे गुलाम. अशा शब्दांना 'नुसती व्युत्पत्ती' म्हणवत नाही मला.

उंबरठा: मी 'त्सिगॉयनर'ची वकिली केलीच नाही. वाद 'जिप्सी'वर चाललाय.

लोणचं_मुरलेलं: भांडण चालू द्या, मी भाषेचं सांगतो. त्यांच्याकडे पाण्याला 'पानी', कानाला 'कान', सुरीला 'छुरी', मिठाला 'लोन', द्राक्षाला 'द्राख'! दोन ते पाच दुई, त्रिन, श्तार, पांज. मग सात-आठ-नऊ मात्र ग्रीक, वाटेत उचललेले. माझं मत, मूळ मराठीच असणार. :)

पाटपाणी: मत छान आहे, पण रोमानीत, म्हणजे त्यांच्या भाषेत, लिंगं दोनच. आपण 'ते पान' म्हणतो तसं नपुंसकलिंग तिथे उरलं नाही. गाडी हिंदी-पंजाबीच्या बाजूला जाते, मराठीच्या नाही.
मराठीशी खरा धागा वेगळाच आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ 'रोम'चं मूळ 'डोम'मध्ये शोधतात. सुरुवातीच्या 'ड'चा तिथे 'र' झाला. मध्यपूर्वेत 'डोम', आर्मेनियात 'लोम' नावाचे समाज अजून आहेतच. संस्कृतात 'डोंब', आणि आपल्या गावात दोरीवर चालणारा 'डोंबारी'.

उंबरठा: घ्या! म्हणजे ज्याला तुम्ही स्वाभिमानाचं नाव म्हणता ते मुळात जातीचं, तेही उतरंडीत तळाला ढकललेल्यांचं. आमच्याकडे 'डोंब' शिवी म्हणून वापरलेलं मी ऐकलंय.

वाटसरू: हो, आणि त्याच शब्दाचा त्यांनी 'माणूस' असा अर्थ केला. 'जिप्सी'ला आपण मराठीत काय अर्थ दिला? बिनधास्त, फिरस्ता, ईएमआय नसलेला. पूर्व युरोपातले बहुसंख्य रोमा कित्येक पिढ्या एकाच गावात राहतायत, हे त्या फोटोखाली कुठे दिसतं?

उंबरठा: हे मान्य. शब्द ठेवा, त्यातली रोमँटिक भानगड काढा.

वाटसरू: मित्राने ओळ बदलली बरं का. आता 'मी मनाने भटका'.

पालावरचा: इतका वेळ नुसता वाचत होतो. माझ्या दाखल्यावर 'भटक्या जमाती' लिहिलंय. शाळेत नाव घालायला आजोबांना तीन गावं फिरावी लागली, कारण रहिवासाचा पुरावा नव्हता. तुमच्या मित्राला विचारा, मनाचा दाखला कुठल्या तहसीलला मिळतो?