प्रति: उंदरांची मारामारी आणि दादागिरी

पाळीव उंदरांच्या भांडणात उताणा पडतो तो हरला, असं बरेच जण म्हणतात. इतकं सरळ नाही. दात कुठे जातायत ते आधी बघा. खेळातल्या झटापटीत लक्ष्य असतं मानेमागचा भाग, आणि तिथे नाक घासलं जातं, चावा नसतो. खऱ्या हल्ल्यात लक्ष्य असतं कंबर, पुठ्ठा आणि कुशी. म्हणूनच मार खाणारा पाठ जमिनीला टेकवतो किंवा मागच्या पायांवर उभा राहून तोंडासमोर तोंड धरतो. दोन्ही पवित्रे पाठ वाचवण्याचे. मग हल्लेखोर अंगावरचे केस पिंजारून, आडवा होत कुशीने ढकलत येतो, कारण त्याला समोरून नाही, बाजूने शिरायचंय. हे 'आडवं चालणं' दिसलं की चावा फार लांब नसतो.

त्यामुळे गटात जखमा तपासा: दबलेल्या नराच्या पाठीवर-पुठ्ठ्यावर जास्त, वरचढ नराच्या डोक्या-तोंडाकडे. दबलेल्याचं वजनही उतरतं, कारण तो खायला बाहेरच पडत नाही. रोज ठरावीक वेळी वजन करा. (डोळ्यांभोवतीची लाली रक्त नव्हे, ताण किंवा आजारात वाढणारा स्राव आहे.)

नवा नर थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणं ही नेहमीची चूक. प्रयोगशाळेत हल्ला घडवून आणायचा तर नेमकं हेच करतात! दोघांनाही अनोळखी जागेत भेटवा, मग पिंजरा धुऊन, दोन-तीन ठिकाणी खाणं-पाणी ठेवून एकत्र करा. लपायच्या नळीला दोन तोंडं हवीत, नाहीतर दादा एकाच तोंडाशी बसून राहतो. भिडलेच तर मध्ये हात घालू नका, जाड टॉवेल टाका.