बाळ परदेशात, माप सोलापूरचं

सोलापुरात आता बऱ्याच घरांतून कुणीतरी बाळंतपणाला न्यू जर्सी, लंडन नाहीतर दुबईला निघालेलं असतं. जाणाऱ्यांसाठी, तिथं राहणाऱ्यांसाठी आणि सुट्टीत बाळ घेऊन इकडे येणाऱ्यांसाठी हे अनुभव मागवले. अट एकच होती: आपली कहाणी नको. काय, किती, कसं आणि कुठं चुकतं तेवढंच लिहा. आलं त्या क्रमानं खाली दिलंय.

दक्षिण कसबा, बाळंतिणीचे लाडू करून देणाऱ्या काकू

डिंकाचे लाडू इथून वळून नेऊ नका. पहिली अडचण खसखशीची. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि लाडवात भाजून घातली म्हणून ती सुटत नाही. दुबईत फक्त विमान बदलणार असाल तरी खसखस घरीच ठेवा. दुसरी अडचण तुपाची. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूप, खवा, पेढे सगळं आलं. तिसरी गोष्ट म्हणजे खोबऱ्याच्या वाट्या. त्यातल्या तेलामुळं तो पेट घेणारा माल धरतात आणि चेक-इन बॅगेतून काढायला लावतात.

मग न्यायचं काय? कोरडा माल: डिंक पाव किलो, अळीव पाव किलो, खारकेची पूड अर्धा किलो, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. प्रत्येकाची वेगळी पिशवी, वर इंग्रजीत नाव. अमेरिका असो की ऑस्ट्रेलिया, जवळ खाण्याचं काही आहे का हे विचारतात तिथं ‘हो’च लिहायचं. ऑस्ट्रेलियात बियांवर फार बारीक नजर असते आणि अळीव हे बीच. दाखवलं तर फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

तूप तिथं कढवा. बिनमिठाचं लोणी बघून घ्यायचं. ४५४ ग्रॅमच्या खोक्यातून साधारण साडेतीनशे ग्रॅम तूप निघतं. डिंक तळताना घात करते ती विजेची शेगडी. बटण बंद केलं तरी कॉइल तापलेलीच राहते, त्यामुळं आच कमी करायची तर कढई उचलून बाजूलाच ठेवावी लागते. डिंक हरभऱ्याएवढा फोडून घ्या आणि एका वेळी दोनच चमचे टाका. मोठा खडा बाहेरून फुलतो, पण आत कच्चा राहून दाताला चिकटतो.

अळिवाचे लाडू जास्त सोपे. अर्धी वाटी अळीव, दोन वाट्या नारळपाणी (तिथं खोक्यात मिळतं, बिनसाखरेचं घ्या), चार तास भिजत. गोठवलेलं खवलेलं खोबरं तीन वाट्या, पूर्ण वितळू द्या पण पिळू नका. चिरलेला गूळ दीड वाटी. सगळं एकत्र करून मंद आचेवर कडा सुटेपर्यंत हलवा. पाणी कमी पडलं तर अळीव कचकच लागतात. ओल्या नारळाचे असल्यामुळं फ्रिजमध्ये चार-पाच दिवसच.

नवी पेठ, औषधाचं दुकान

आजी-आजोबांच्या बॅगेत बाळासाठी इथली औषधं असतात. त्यात माप चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅरासिटामॉल. आपल्याकडच्या बहुतेक ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. अमेरिकेत लहान मुलांच्या बाटलीत ५ मिलीत १६० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत ३२. ब्रिटनमध्ये ५ मिलीत १२०, म्हणजे १ मिलीत २४. तिथं औषधाचं नावही वेगळं, अमेरिकेत त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. आता सहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम सांगितलं असं धरा. अमेरिकी बाटलीतून ते साधारण २.३ मिली होतं, आपल्या ड्रॉप्समधून पाऊण मिली. डॉक्टरांनी तिथली बाटली धरून ‘२.३ मिली’ सांगितलं आणि घरच्यांनी इथल्या ड्रॉप्समधून तेवढंच पाजलं, तर डोस तिप्पट झाला. म्हणून डॉक्टरांना मिलिग्रॅम विचारायचे आणि आपल्या हातातल्या बाटलीवरून मिली काढायचे. त्याहून बरं म्हणजे इथली बाटली नेऊच नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश (१००.४ फॅरनहाइट) ताप असेल तर घरी औषध देत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांना फोन.

ड जीवनसत्त्व. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट देतात. आपल्याकडे ते बहुधा १ मिलीत असतं आणि आपला हात ड्रॉपर भरायला सवकलेला. अमेरिकेत काही बाटल्यांत तेच ४०० युनिट एका थेंबात असतात. तिथला ड्रॉपर १ मिली भरून दिला तर वीसहून जास्त थेंब, म्हणजे आठ हजारांच्या वर युनिट जातात. बाटली हातात घेतली की ‘एका थेंबात किती’ हे आधी वाचा.

पावडरचं दूध. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे साधारण एक सपाट चमचा ३० मिली पाण्याला. अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांतला चमचा मोठा, दोन औंसांना, म्हणजे ६० मिलीला एक. एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात वापरला की दूध दुप्पट घट्ट तरी होतं नाहीतर निम्मं पातळ. घट्ट दुधानं बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, शी कडक होते. पातळ दुधानं पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन वाढत नाही. डबा संपला की चमचा फेकायचा. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. ब्रिटनमध्ये पाणी निदान ७० अंश गरम असताना पावडर घालायला सांगतात, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करायची.

बाळ-बाळंतिणीची मालिश करणाऱ्या मावशी, साखर पेठ

तिकडं धुरी देऊ नका बघा. शेगडीवर ओवा न् लसणाची सालं टाकली की छतावरचा भोंगा बोंबलतो, मग आख्खी इमारत खाली उभी. बाळाच्या छातीलाही धूर वाईटच. शेकायचंच असेल तर रबरी पिशवी कापडात गुंडाळून बाळंतिणीच्या कमरेला, बाळाला नको.

मालिश खोबरेल तेलानं, तळहातावर चोळून ऊब आणून. पाणी ३७ अंश, कोपर बुडवून चटका लागायला नको. तेलकट बाळ टबातून निसटतं, म्हणून आधी तेल कोरड्या पंच्यानं टिपून घ्यायचं. टबाच्या तळाला आमचा सोलापुरी टॉवेल अंथरला की हात सुटत नाही.

बालरोग विभागातली परिचारिका (वरच्या मावशींना जोडून)

काजळ नको. काही काजळांत शिसं सापडतं आणि अमेरिकेत ते विकायलाच परवानगी नाही. बाळगुटीही नको: सहा महिन्यांपर्यंत आईचं नाहीतर पावडरचं दूध सोडून पाणीसुद्धा द्यायचं नसतं, आणि सहाणेवरच्या वेढ्याला माप नसतं. गुटीतलं वेखंड अमेरिकेत खाण्यात घालायला १९६८ पासून बंदी आहे. मध वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नाही. त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात.

झोपवणं. पाठीवर, कडक सपाट गादीवर, त्यावर एक ताणून बसवलेली चादर. उशी नाही, मोहरीची तर नाहीच. गोधडी नाही, कडेला लोड नाही. थंडी असेल तर अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते. ब्रिटनमध्ये खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवायला सांगतात. आपल्या आजींना ते गारठा वाटतं आणि त्या हीटर वाढवतात. बाळाचे हातपाय गार लागले तरी चालतं, छाती किंवा मान चाचपायची. मान घामेजली असेल तर एक कपडा काढायचा. घट्ट गुंडाळणं बाळ कुशीवर वळायला बघतंय असं दिसलं की बंद.

अक्कलकोट रोड, चादर-टॉवेलचा धंदा

मोठी जेकार्ड चादर पाळण्यात नको हे वर आलंच. ती दुहेरी घडी करून जमिनीवर टाका, बाळाला पालथं खेळवायला तिच्यासारखी दुसरी नाही. घसरत नाही आणि गुडघ्याला सोलवटत नाही.

टेरी टॉवेल नवा कोरा वापरू नका. खळ आणि सुटे धागे असल्यामुळं तो पाणी पीत नाही. दोनदा नुसत्या पाण्यात धुवा, गडद रंग वेगळे. तिकडच्या ड्रायरमध्ये टाकायचा सुगंधी मुलायम कागद टॉवेलला लावू नका, धाग्यावर थर बसतो आणि टॉवेल पाण्यावर नुसता फिरतो. ६० सेंटिमीटरचे सहा चौकोनी तुकडे शिवून नेले की ओकाऱ्या पुसायला वर्षभर पुरतात.

कारसीटबद्दल, सध्या मुक्काम अमेरिकेत, माहेर होटगी रोड

गाडीत बाळ मांडीवर घेता येत नाही, बहुतेक इस्पितळं कारसीट बघितल्याशिवाय घरी सोडत नाहीत. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच बसवून टाका. सीटवर मुदतीची तारीख छापलेली असते. जुनी सीट कुणी दिली तर आधी ती बघा, आणि अपघातातून गेली नाही याची खात्री नसेल तर घेऊ नका.

गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवताना पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा जरा खालून यावा. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत. पोटावर सरकलेली क्लिप धक्क्यात पोटातच घुसते. पट्टा ओढून खांद्यावर चिमटीत धरून बघा, घडी पडली तर सैल आहे. हमखास चूक होते ती थंडीत: जाड कोट घालून पट्टा लावतात. कोट दबतो आणि पट्ट्यात चार बोटं जागा सुटते. कोट काढायचा, पट्टा आवळायचा, वरून पांघरूण. आजी पाय आखडले म्हणून सीट पुढं तोंड करून फिरवायला सांगतात. पाय आखडले तर काही होत नाही, धक्क्यात जपायची असते ती मान. उलटी बसवायची सीटच्या वजन-उंचीची हद्द संपेपर्यंत. ब्रिटनमध्ये नव्या नियमाच्या सीटला निदान १५ महिने.

कागदपत्रं करून देणारे, सात रस्ता

अमेरिकेत जन्मलेलं बाळ जन्मानं तिथलं नागरिक. आधी जन्मदाखला, मग पासपोर्ट (आई-वडील दोघं हजर, नाहीतर न आलेल्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र), मग ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना भारत सरकार देतं ते कार्ड). तिकीट काढून मग ओसीआयच्या मागे लागू नका, घाई असेल तर बाळाला ई-व्हिसा काढा. विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो.

ब्रिटनमध्ये आई-वडील साध्या कामाच्या व्हिसावर असतील तर बाळ तिथलं नागरिक होत नाही. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत, आणि भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, बाळाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधलं. जायच्या आधीच एकसारखं करून घ्या.

आजी-आजोबांसाठी एकच: अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद) वरच्या तारखेला संपते, बहुधा सहा महिन्यांनी. उतरल्यावर ती तारीख बघून घ्या.

वरचं खाणं, ज्वारीच्या पिठाच्या गिरणीवरून

तिकडे सॉर्गम म्हणून मिळतं ती ज्वारीच. पीठ जुनं असतं, भाकरी तुटते, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. सहा महिन्यांनंतर बाळाला त्याचीच पेज: दोन चमचे पीठ, एक वाटी पाणी, गार पाण्यात कालवून मग आचेवर. वर्षाच्या आत मीठ-साखर नको.

आणि सोलापूरकरांनी शेंगदाण्याला घाबरू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासानंतर सल्ला फिरला: लवकर दिलेल्या शेंगदाण्यानं ॲलर्जी कमी होते. मऊ पिठासारखा कूट दोन छोटे चमचे पेजेत, सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. पहिल्यांदा टोकभर देऊन दहा मिनिटं थांबा. बाळाला जोराचा इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर. चटणी नाही, तिखट-मीठ आलं. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत नाहीच.

सोलापुरात सुट्टीला येणाऱ्यांसाठी, एक बालरोगतज्ज्ञ

एप्रिल-मे नको, पारा चाळिशीच्या वर असतो. डिसेंबर-जानेवारी चांगला. अमेरिकेतल्या लसीच्या वेळापत्रकात बीसीजी नसते आणि गोवराची लस बाराव्या महिन्यानंतर. सहा ते अकरा महिन्यांचं बाळ येणार असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून गोवराचा एक डोस आधी घेऊन या. तो पुढच्या दोन डोसांत धरत नाहीत.

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघर साठवण. बाळाचं पाणी खळखळून उकळलेलं आणि त्या दिवसाचंच. त्याच साठ्यावर डेंग्यूचा डास वाढतो आणि तो दिवसा चावतो. पिंपांना कापड बांधा, दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. डासाचं मलम दोन महिन्यांच्या आत नको. जुलाब लागले तर मोठं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धं पेल्यात टाकून नाही.

बोरन्हाण

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येता आलं नाही तर तिकडे करा, पण बोरं, हरभरे, उसाचे करवे, शेंगदाणे लहान मुलांच्या घशात अडकतात. डोक्यावरून फक्त चुरमुरे टाका, जमिनीवरचे लगेच गोळा करा. हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवलेले असतात, फोटो झाला की उतरवायचे.

आजीला व्हिडिओवर दाखवायचं तर न्यूयॉर्कचे सकाळचे सात म्हणजे जानेवारीत सोलापूरचे संध्याकाळचे साडेपाच, जुलैत साडेचार.