लकवा, वाचा आणि भजन
अमुक राग ऐकला की बीपी-शुगर जाते असं काही जण सांगतात, ते काय पटत नाही. आपल्या बेळगावकडच्या सुळेभावीचे गायक कुमार गंधर्व क्षयातून उठले ते स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळं, रागामुळं नव्हे. पण गाण्याचा उपयोगच नाही असं पण नाही की वो. खानापूरला मामांना लकवा मारला, अंगाची उजवी बाजू गेली नि वाचा पण, सगळं कळायचं पण 'पाणी दे' एवढं पण निघेना, चिडून तांब्या ढकलायचे. आणि एकादशीला घरात भजन सुरू झालं तर टाळाबरोबर रामकृष्ण हरी अगदी स्पष्ट! मामी रडायलाच लागली.

बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडं असतं, गाताना मेंदूची उजवी बाजू पण कामाला लागते. त्यावरूनच बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ च्या सुमारास मेलॉडिक इंटोनेशन थेरपी काढली, म्हणजे डाव्या हातानं ठेका धरून रोजची वाक्यं चालीवर म्हणायची, मग हळूहळू चाल कमी करायची. नुसतं ऐकून भागत नाही, तोंडानं म्हणायला लागतं, आणि गोळ्या, फिजिओ चालूच ठेवायचं. आपल्या भागात तर स्पीच थेरपिस्टला पेशंट घरात मराठी बोलतो की कन्नड ते आधीच सांगा, वाक्यं त्याच भाषेतली घ्यायला लावा.