डब्यातली फळं : अगदीच टाकाऊ नाहीत हो

बरेच जण म्हणतात की डब्यातल्या फळात काही उरतच नाही, नुसती साखर. अर्धं खरं आहे. डबा सील करून गरम करतात त्यात सी व्हिटॅमिनची वाट लागते हे मान्य, ताज्या अननसात १०० ग्रॅमला साधारण ४८ मिग्रॅ असतं ते ज्यूसमध्ये भरलेल्या डब्यातल्या अननसात ९-१० वर येतं. पण फायबर, पोटॅशियम वगैरे उष्णतेने नष्ट होत नाही, त्यातलं थोडंफार ज्यूसमध्ये उतरतं, म्हणजे ज्यूस सिंकमध्ये ओतलात की तेही गेलं. फक्त सालं काढलेली असतात, तिथलं फायबर आधीच गेलेलं.

साखरेचं म्हणाल तर ज्यूस आणि सिरप यात गल्लत नको. पीच ताजं असेल तर १०० ग्रॅमला ४० च्या आसपास कॅलरी, ज्यूसमधलं ४४, आणि हेवी सिरपमधलं (म्हणजे साखरेच्या दाट पाकातलं) थेट ७४! तरी ज्यूस म्हणजे पण साखरच, त्यामुळे डायबिटीस असेल तर निथळून फोडी खा, वाटीभर ज्यूस वर पिऊ नका. आणि लेबलवर नीट बघा, अननसाच्या डब्यात अननसाचाच ज्यूस असतो बहुतेक पण पीचच्या डब्यात बरेचदा पेअर नाहीतर द्राक्षाचा असतो.

गंमत म्हणजे ताजा अननस घालून जिलेटिनची जेली केली तर ती सेटच होत नाही, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम जिलेटिन तोडतं, डब्यातला घातला की मस्त सेट होते कारण ते एन्झाइम गरम करतानाच मेलेलं असतं. मी एकदा ताजा घालून रात्रभर वाट बघत बसलेले, सकाळी नुसतं पिवळं पाणी :(