बँकेच्या ऑनलाइन लिलावात रिझर्व प्राइस म्हणजे नेमकं काय? बोली कुठून सुरू होते?

घोडबंदरकर
मंडळी, मदत हवीय. कासारवडवलीला भाड्याने राहतो, घर घ्यायचंय, पण नव्या टॉवरचे रेट ऐकून नुसते गार पडतो. परवा पेपरात एका सरकारी बँकेची लिलावाची नोटीस दिसली, आमच्याच रस्त्याला वन बीएचके, रिझर्व प्राइस ६२ लाख, ईएमडी म्हणजे बोलीआधी भरायचं डिपॉझिट ६.२० लाख, बोलीची वाढ २५ हजार. त्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या फ्लॅटचे एजंट ७५ सांगतोय. म्हणजे ६२ ला मिळाला तर लॉटरीच ना? की ६२ हा फक्त आकडा असतो आणि आत बँकेने वेगळाच काहीतरी लपवून ठेवलेला असतो? आणि मी एकटाच असेन तर ६२ लाच टाकायची का बोली? मेव्हणा म्हणतो शेवटच्या मिनिटाला टाक, कुणाला कळतच नाही. बायको म्हणते या भानगडीतच पडू नकोस. कुणी केलंय का हे?

जुना_ईबेवाला
मेव्हण्याशी सहमत. ईबे इंडिया ही ऑनलाइन लिलावाची साइट चालू होती तेव्हा मी जुने कॅमेरे आणि लेन्स घ्यायचो, शेवटच्या दहा सेकंदात बोली टाकायची, समोरच्याला वाढवायला वेळच मिळत नाही. तिकडे रिझर्व लपवलेलाच असायचा, फक्त ‘रिझर्व अजून गाठलेला नाही’ एवढं दिसायचं. तुमचा जास्तीत जास्त आकडा एकदा भरून ठेवायचा, मग सिस्टीम तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवत जाते. तुम्ही १० हजार भरलेत आणि दुसऱ्याचा कमाल आकडा ७ हजार असेल तर तुम्हाला ७ च्या एक पायरी वर पडतं, १० नाही. बँकेतही असंच असणार.

कोर्टाची_पायरी
ईबेवाले भाऊ, इथे नेमकं उलटं आहे, त्यामुळे घोडबंदरकर गडबडायच्या आधी लिहितो. वसुलीच्या केसेसमध्ये काम करतो म्हणून थोडं माहीत आहे.

बँकेचा लिलाव सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या कायद्याखाली होतो. रिझर्व लपवलेला नसतो, नोटिशीतच छापतात, आणि तो ठरवायच्या आधी बँकेला मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून व्हॅल्युएशन घ्यावं लागतं. म्हणजे ६२ हा हवेतला आकडा नाही पण तो बाजारभावही नाही, बँक ज्याच्या खाली जायला तयार नाही ती रेघ आहे. त्याच्या खाली भाजीवाल्याशी करतो तशी घासाघीस चालत नाही. नियम असा की रिझर्वपेक्षा जास्त भाव आलाच नाही तर कर्जदार आणि बँक दोघांची संमती असेल तरच विक्री होऊ शकते, आणि कर्जदार अशी संमती सुखासुखी देत नाही. म्हणून बहुतेक नोटिशींत पहिली बोली रिझर्व अधिक एक वाढ अशी मागतात. तुमच्या बाबतीत ६२.२५ लाख. एकटे असाल आणि नियमाप्रमाणे तेवढी टाकलीत तरी तुम्ही एच वन, म्हणजे सगळ्यात मोठी बोलीवाले, ठरू शकता, समोर कुणी असलंच पाहिजे असं नाही.

आता शेवटचं मिनिट. बँकेच्या पोर्टलवर ऑटो एक्स्टेन्शन असतं, बऱ्याच नोटिशींत पाच मिनिटांचं. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली टाकली की घड्याळ परत पाच मिनिटं पुढे, आणि ते कितीही वेळा. त्यामुळे दुपारी संपायचा लिलाव संध्याकाळपर्यंत लांबू शकतो. मेव्हण्याची युक्ती इथे नुसती धाप लागायच्या कामाची. काही पोर्टलवर ऑटो बिड असतं, ते ईबेसारखं चालतं, पण असेल तरच वापरा आणि आकडा भरताना शून्यं दोनदा मोजा, टाकलेली बोली मागे घेता येत नाही.

घोडबंदरकर
बापरे, एवढं तर आमचा एजंटपण सांगत नाही. धन्यवाद दादा. समजा ६६ लाख २५ हजारला लागली बोली, मग पैसे कधी आणि किती? लोन काढणारे आम्ही, रोख नाहीयेत.

कोर्टाची_पायरी
इथेच लोक अडकतात. २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे, ईएमडी त्यात धरून. ६६.२५ लाखाचे २५ टक्के १६,५६,२५०, त्यातून ६.२० लाख वजा, म्हणजे रात्रीतून १०,३६,२५० रुपये तयार हवेत. उरलेले ७५ टक्के, साधारण ४९.७ लाख, विक्री कन्फर्म झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, जास्तीत जास्त तीन महिने, पण ती हक्काची नाही. नाही भरलेत तर जमा रक्कम जप्त. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये पूर्ण २५ टक्के जप्त झालेले कायम ठेवले, फक्त बँकेचं नुकसान झालं तेवढेच कापा हा युक्तिवाद मानला नाही. तेव्हा लोनचं सँक्शन लेटर बोलीच्या आधी हातात पाहिजे, ‘बघू नंतर’ नाही. हरलात तर ईएमडी परत येते, व्याज मिळत नाही. शिवाय ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन हे सगळं बोलीच्या बाहेर.

खारघरची_मावशी
पैशांचं झालं, ताब्याचं कुणी बोललंच नाही. नोटिशीत पझेशनचा कॉलम बघा बाळा, फिजिकल लिहिलंय की सिम्बॉलिक. सिम्बॉलिक म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आहे आणि आत माणसं राहतायत. मग ताबा मिळवायला बँकेने त्याच सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, ऐरोली वाशीचं असेल तर ठाणे जिल्हा, आमच्या खारघर कामोठ्याचं रायगड. त्यात किती महिने जातील कोण सांगणार, आणि तोवर तुमचं भाडंही चालू आणि ईएमआयही.

दुसरं, ‘जसं आहे तसं’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे थकलेला मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, लाइटबिल बहुतेक तुमच्या गळ्यात. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून आकडा लेखी मागा. नवी मुंबईत बघत असाल तर बरीचशी जमीन सिडकोच्या लीजवर असते, तिथे ट्रान्सफरचे पैसे आणि एनओसीचं आधीच विचारून ठेवा, माझ्या भाचीचं त्यातच बरंच रखडलं. आमच्याकडे एजंट लोक ७५ आणि ६२ मधला फरक दाखवून नाचतात, पण त्या १३ लाखांतून ही सगळी भोकं बुजवली की हातात काय राहतं ते कागदावर मांडा.

आगाऊ_कार्टं
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण एक सिरियस प्रश्न, लिलाव फेल गेला की पुढच्या वेळी रिझर्व कमी करतात ना? मग पहिल्या फेरीत कशाला उड्या मारायच्या, गप्प बसा आणि तिसऱ्या चौथ्याला या.

कोर्टाची_पायरी
प्रश्न आगाऊ नाही. पहिल्या लिलावाला ३० दिवसांची नोटीस लागते, फेल झाल्यावर पुढच्याला १५ दिवसांची, आणि बरेचदा रिझर्व खाली येतो. किती आणि कधी हे बँकेच्या हातात. तुर्भ्याच्या एमआयडीसीतली मोठी जमीन घ्या, २०२३ ची केस, आठ लिलाव वाया गेले, नवव्याला रिझर्व १०५ कोटी आणि बोली आली १०५.०५ कोटी. म्हणजे रिझर्वच्या जेमतेम वर सुटली. पण पुढची गंमत बघा, बोली लागल्यावर कर्जदार १२९ कोटी घेऊन उभा राहिला, हायकोर्टाने त्याचं ऐकलं, मग सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये ते फिरवलं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून मालमत्ता सोडवायचा कर्जदाराचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच, असं म्हणाले. पण जिंकणाऱ्याला तिथवर जायला लागलंच ना. म्हणून डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, केस चालू आहे का ते बघणं, रिझर्व दोन लाखांनी खाली येईल का ते बघण्यापेक्षा मोठं काम आहे.

आणि वाट बघायची तर कशासाठी तेही बघा. घोडबंदरचा नीट कागदांचा, फिजिकल ताब्यातला वन बीएचके चौथ्या फेरीपर्यंत क्वचित उरतो. उरलेला असेल तर मी आधी विचारेन, का उरला?

जुना_ईबेवाला
लिलाव म्हणजे लिलाव असं वाटलं होतं, पण तिकडे लेन्स फार तर बुरशीवाली निघायची, इथे आत माणसं निघतात. वाचनखूण साठवली.

घोडबंदरकर
मावशी, नोटिशीत सिम्बॉलिकच लिहिलंय. शनिवारी सोसायटीत जाऊन येतो, आणि वरचा आकडा बायकोसमोर बसून आजच ठरवतो, ६५ च्या पुढे जायचं नाही असं ती आत्ताच म्हणतेय. पोर्टलवर आधी काही करावं लागतं का?

कोर्टाची_पायरी
सरकारी बँकांचं आता बरंचसं बँकनेट या लिलावाच्या पोर्टलवर असतं, रजिस्ट्रेशन आणि केवायसी आजच टाका, मंजूर व्हायला वेळ जातो. ईएमडीची शेवटची तारीख लिलावाच्या आधीची असते, ती नोटिशीत वेगळी दिलेली असते, लोक लिलावाचीच तारीख धरून बसतात. आणि सिम्बॉलिक असेल तर बँकेच्या ऑथोराइज्ड ऑफिसरला फोन करून कलम १४ चा अर्ज झालाय का, ऑर्डर आलीय का, हे विचारा. त्यांचा नंबर नोटिशीच्या खाली असतो.