विषय : आईबाबांसह पावसाळ्यातील सह्याद्री, सावकाशीने

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी मेलबर्नहून ठाण्याला जात आहोत. आईबाबा पाचपाखाडीत राहतात. बाबांचे वय 76 असून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर ते अर्धा-पाऊण तास आरामात चालतात, पायऱ्यांना मात्र वेळ लागतो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ठाणे स्थानकात त्यांनी ‘कसारा’ अशी पाटी लावलेली लोकल रोज पाहिली, पण निव्वळ पाऊस पाहण्यासाठी त्या बाजूला जाणे कधी झाले नाही, असे ते परवा फोनवर म्हणाले. तेव्हापासून हा प्रवास घडवून आणायचाच, असे मी ठरवले आहे.

हाताशी सहा दिवस आहेत. माळशेज, नाणेघाट, भीमाशंकर, भंडारदरा आणि त्र्यंबकेश्वर अशा क्रमाने, प्रत्येक ठिकाणी एक मुक्काम करत, ठाण्याहून भाड्याची गाडी घेऊन जावे असा माझा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का, आणि ऑगस्टमधील कोणत्या तारखा निवडाव्यात, हे त्या भागाची माहिती असणाऱ्यांनी कृपया कळवावे.

आपली,
मेलबर्नहून एक सभासद

————

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मंडळाचा जुना सभासद असून काही वर्षांपूर्वी ठाण्याला कायमचा परत आलो आणि आता घोडबंदर रस्त्याला राहतो. तुमची यादी मी काळजीपूर्वक वाचली. माझे स्पष्ट मत असे आहे की या पाचांपैकी चार ठिकाणे यावेळी सोडून द्यावीत आणि सर्व मुक्काम भंडारदऱ्याला, म्हणजे धरणालगतच्या शेंडी गावात करावेत.

असे म्हणण्यामागे माझा एक सलणारा अनुभव आहे. परतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी माझ्या वडिलांना घेऊन तुमच्यासारखाच आखीव कार्यक्रम करून निघालो होतो. माळशेज घाटात दरड आल्यामुळे वाहतूक थांबली आणि टोकावड्याच्या पुढे आम्ही साडेपाच तास गाडीत बसून काढले. दुसऱ्या दिवशी नाणेघाटात पोहोचलो तेव्हा ढग इतके खाली उतरले होते की जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण तेवढा पाहिला आणि ज्या कड्यावरून कोकण न्याहाळायचे, तो कडा चार हातांवर असूनही दिसला नाही. पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले असल्यामुळे आम्ही तसेच निघालो. त्यानंतरची सकाळ तिथे लख्ख उघडली होती, असे मला मागाहून कळले. वडिलांना पुन्हा नेण्याचा योग आला नाही.

पावसाळ्यात सह्याद्री केव्हा दिसेल हे आपल्या हाती नसते. समुद्रावरून आलेले बाष्प कड्याला थडकून वर चढते, थंड होते आणि तिथेच कोसळते. त्यामुळे कड्याच्या अगदी काठावरची घाटघर आणि रतनवाडी ही गावे दिवसचे दिवस ढगात असतात, तर तिथून पूर्वेला राजूर आणि अकोले या गावांकडे गेले की पाऊस झपाट्याने कमी होत जातो. शेंडी या दोहोंच्या मध्ये आहे. सकाळी उठून आकाश पाहावे, पश्चिमेकडे उघडीप असेल तर घाटघर गाठावे, नसेल तर पूर्वेला रंधा धबधब्यापर्यंत जाऊन यावे, आणि दोन्हीकडे धुवाधार असेल तर व्हरांड्यात बसून धरणावरचा पाऊस पाहावा. एका जागी पाच रात्री असतील तरच हे साधते. रोज सामान बांधणाऱ्याला पाऊस दिसतो तो काचेवरच्या वायपरमागून.

आता जाण्याविषयी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला असून भिवंडीजवळून निघालेली गाडी सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून थेट इगतपुरीला निघते. रात्रीच्या प्रवासाला किंवा मुसळधार पावसात हा रस्ता उत्तमच, पण बोगद्यातून घाट कसा दिसणार? म्हणून जाताना तुम्ही चौघे रेल्वेने इगतपुरीपर्यंत जावे आणि गाडी चालकासह पुढे पाठवून स्थानकावर बोलवावी, असा माझा आग्रह आहे. थळ म्हणजे कसारा घाटातील हा लोहमार्ग 1865 मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचला. चढण 37 फुटांना एक फूट इतकी तीव्र असल्यामुळे लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात, आणि ती गाडीला रेटत वर नेतात. लोकल कसाऱ्याच्या पुढे जात नाही, म्हणून तुमच्या वडिलांनी इतकी वर्षे जी पाटी पाहिली, तिच्या पलीकडचा हा टप्पा त्यांना खिडकीतून दिसायला हवा.

इगतपुरीहून घोटीमार्गे शेंडी सुमारे 45 किलोमीटर आहे. वाटेत बारी गावापाशी 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर लागते. पायथ्याशी पाच मिनिटे थांबावे, बाकी चढाईचा विषय यावेळी नको.

रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ मात्र निवांतपणे पाहावे. गाडी देवळाजवळ जाते, त्यामुळे बाबांना त्रास होणार नाही. काळ्या दगडातील बारीक कोरीव काम ओले झाले की सुक्या दिवसांपेक्षा कितीतरी ठसठशीत उठून दिसते, आणि शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांतील मूर्तीही पाहण्यासारख्या आहेत. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंडी पाण्याखाली जाते. देऊळ पाहून झाल्यावर तिथेच तासभर बसावे. शेंडीपासून तलावाच्या कडेने येणारा रस्ता अरुंद आहे, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि अंधार पडण्याआधी परतावे.

घाटघरच्या कड्यावर ढग फाटले तर मुलीला एक गोष्ट जरूर दाखवा. खाली जे हिरवे खोरे दिसते, तो शहापूर तालुका, म्हणजे आपलाच ठाणे जिल्हा आहे. वरच्या जलाशयातील पाणी याच कड्यावरून खाली चोंढे गावाजवळच्या जलाशयात सोडून 250 मेगावॅट वीज तयार करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. अकरा वर्षांच्या मुलीला हे निश्चित आवडेल.

तारखांविषयी सांगायचे तर 15 ऑगस्टच्या जोडसुट्या, शनिवार-रविवार आणि श्रावणी सोमवार टाळावेत, कारण त्या दिवशी शेंडीचा रस्ता वाहनांनी भरून जातो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, श्रावणी सोमवार नसेल तर, सोमवारी दुपारी पोहोचून शनिवारी सकाळी निघावे. 1926 मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण तोवर बहुधा भरत आलेले असते, आणि भिंतीतील मोरीतून पाणी सोडले तरच तिच्याखालचा छत्रीसारखा अंब्रेला धबधबा दिसतो. भाताची आवणी पाहायची असती तर जुलै सांगितला असता. जेवणासाठी आदल्या दिवशी गावातील एखाद्या घरी सांगून ठेवावे. नाचणीची भाकरी आणि मिळाली तर करटोल्याची किंवा कुरडूची भाजी, याहून अधिक काही मागू नये.

आपला,
घोडबंदर रस्ता, ठाणे

————

सर्वांस नमस्कार.

मी ऐरोलीहून लिहीत आहे. वरील योजना मला मान्य आहे, फक्त सुरक्षिततेविषयी दोन शब्द जोडतो. हवामान खाते 24 तासांत 115.6 मिलिमीटरपासून 204.4 मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला अतिमुसळधार म्हणते, आणि त्याहून अधिक पावसाचा वर्ग वेगळा आहे. नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी लाल इशारा असेल, तर त्या दिवशी निघूच नये. परंतु एका दिवसाच्या आकड्यावरही विसंबू नये. सलग चार-पाच दिवस पाऊस मुरला की कातळावरचा मातीचा थर जड होऊन सुटतो. 30 जुलै 2014 रोजी माळीण आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी अशीच गाडली गेली. म्हणून खोली ठरवताना धरण दिसते का, हे विचारण्याआधी इमारतीच्या मागे तोडलेला उभा डोंगर आहे का, हे विचारावे. धबधब्याच्या प्रवाहात कोणीही उतरू नये, कारण वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश अशा वेळी काटेकोरपणे पाळावेत. बाबांची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत.

————

दोघाही काकांचे मनापासून आभार.

माझी यादी मी बाजूला ठेवली आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार शेंडीतच राहायचे ठरवले असून डोंगरापासून लांब, मोकळ्या जागेवरची दोन खोल्यांची सोय पाहत आहे. आईला भीमाशंकर राहिल्याची थोडी हळहळ वाटली, तेव्हा ते दर्शन पुढच्या खेपेला हिवाळ्यात करण्याचे मी तिला कबूल केले आहे. जाताना रेल्वेने आणि येताना बोगद्यातून, हेही पक्के आहे.

बाबांचा एक प्रश्न आहे. कसाऱ्याला मागची इंजिने जोडताना पाहण्यासाठी फलाटावर उतरता येईल का?

————

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगावा. कसाऱ्याला गाडी थोडाच वेळ थांबते आणि पावसात फलाट निसरडा असतो, म्हणून तिथे उतरू नये. इगतपुरीला तुम्हाला उतरायचेच आहे. तिथे ती इंजिने सोडवून घेतात. चालकाला स्थानकाबाहेर थोडे थांबायला सांगावे आणि सामान मुलीकडे देऊन बाबांनी सावकाश फलाटाच्या मागच्या टोकापर्यंत चालत जावे. फलाट सपाट आहे.