मदत हवी आहे: धरणातून पाणी सोडलं नाही, तरी ओढ्याला एवढा लोंढा कसा?

ओढाकाठ: परवा रात्री पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी भरलं आणि दोन तासांत ओसरलंही. दिवसभराच्या पावसाचा आकडा बघितला तर फार नाही. मग एवढं पाणी आलं कुठून? उद्या सोसायटीची मीटिंग आहे, ओढ्याकडची भिंत 4 फूट वाढवायची म्हणतायत. वाढवू द्यावी का? प्लीज लवकर सांगा.

टेकडीवाला: कुठला ओढा? आंबिल, रामनदी, नागझरी?

ओढाकाठ: आंबिल. कात्रजच्या खाली.

मुठाकाठी: खडकवासल्यातूनच सोडलं असणार. 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमचे आजोबा...

टेकडीवाला: काका, खडकवासल्याचं पाणी मुठेला जातं, कात्रजच्या ओढ्याला नाही. ताई, तो आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठचा. ओढ्याला दिवसाचा पाऊस लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासाची सर पुरते. 10 चौरस किमीचा पाणलोट धरा, तासाला 60 मिमीच्या वेगाने कोसळतोय आणि लांबच्या टोकाचं पाणी पोचेपर्यंत थांबला नाही. त्यातलं 80 टक्के वाहून आलं तर सेकंदाला सुमारे 133 घनमीटर! 40 टक्केच आलं तर बरोबर निम्मं.

पेठेतला: म्हणजे काँक्रीटच. टेकड्या फोडल्या, ओढे पाइपात घातले, दुसरं काय?

टेकडीवाला: काँक्रीट आहेच, पण तेवढंच नाही. डोंगरउतारावर मातीचा थर वीतभर, खाली काळा पाषाण. आठवडाभर पाऊस लागून ती माती भिजली की टेकडीसुद्धा पाणी धरत नाही.

पेठेतला: म्हणजे बिल्डर सुटले का?

सुरेखा_क: गाडीत पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारू नका, इंजिन जातं. विम्याला आधी फोटो पाठवा.

ओढाकाठ: गाडीचं नाही विचारलं हो. भिंतीचं सांगा.

स्थापत्य_जुना: 2019 च्या 25 सप्टेंबरला याच ओढ्याच्या पुरात अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं गेली. जुन्या पायावर नुसता थर चढवू नका. पाणी कसं चढलं, हळूहळू?

ओढाकाठ: नाही, एकदम. आधी बराच वेळ ओढा उलट कमीच वाटत होता. वरच्या वळणावर रस्त्याखाली तीन पाइपची मोरी आहे, त्यातूनच ओढा पुढे येतो. सकाळी बघितलं तर दोन पाइपांत गादी आणि गुलमोहराचं खोड अडकलेलं, वर चिखलात थर्माकोल.

स्थापत्य_जुना: हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. मोरीमागे पाणी तुंबलं आणि रस्त्यावरून उलटलं. तुमच्याकडे शिरलं कुठून, भिंतीवरून की गेटातून?

ओढाकाठ: गेटातून. वॉचमन काकांची खुर्ची आधी आत वाहत आली.

स्थापत्य_जुना: मग उंच भिंतीने तेच पाणी आत कोंडलं जाईल, ओढ्याकडे उतरायला वाट राहणार नाही. आधी मोरी साफ करून घ्या, वॉर्ड ऑफिसला फोटोसकट लेखी अर्ज द्या.

ओढाकाठ: सेक्रेटरींना आत्ताच फोन लावते. मोरीचे फोटो आहेत माझ्याकडे.